दुसरं कुत्रं दिसलं की अंगावर धावणारा आपला कुत्रा: त्याला शांत कसं करायचं, अगदी घरापासून गल्लीपर्यंत

संध्याकाळी फिरायला निघालो, समोरून दुसरं कुत्रं आलं की आपला पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर उभा, भुंकणं असं की चौथ्या मजल्यावरचे लोक खिडकीत येतात, आणि आपण "सॉरी काका, सॉरी" करत त्याला ओढत कुठल्यातरी गाडीमागे घेऊन जातो. हे ज्यांच्याकडे रोजचं आहे त्यांच्यासाठी लिहितेय. बाहेरच्या देशातली माहिती वाचली की त्यात मोकळी पार्क असतात, सगळी कुत्री पट्ट्यावर असतात, फुटपाथ रिकामे असतात. आपल्याकडे लिफ्ट आहे, पार्किंग आहे, कोपऱ्यावर पाच-सहा गल्लीतली कुत्री आहेत आणि दर दहा मिनिटाला एक डिलिव्हरीवाला. त्यामुळे पद्धत तीच ठेवली तरी ती बसवायची कशी हे इथल्या हिशोबाने सांगावं लागतं.

मुख्य गोष्ट आत्ताच सांगते. असं वागणारे बहुतेक कुत्रे घाबरलेले असतात, किंवा समोरच्याकडे जायला मिळत नाही म्हणून पट्ट्यावर प्रचंड चिडलेले असतात. भुंकून समोरचा निघून गेला की त्यांना कळतं, हे चालतं. आणि त्यांना शांत राहायला शिकवायचं तर जिथे ते आधीच शांत आहेत तिथूनच सुरू करावं लागतं, म्हणजे लांबून. किती लांबून हे तुमचा कुत्रा सांगणार. पुढचं सगळं या अंतराभोवतीच फिरतं.

आधी सेफ्टी, कारण बाकी सगळं नंतर

त्याने आत्तापर्यंत कोणाला चावलंय का, आणि चावला असेल तर किती खोल, हे कागदावर लिहून काढा. इयन डनबार नावाचे पशुवैद्य आहेत, कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करणारे, त्यांची चाव्यांची सहा पातळ्यांची पट्टी जगभर वापरतात. पहिलीत दात लागतच नाहीत, नुसती हवेत झडप. दुसरीत दात लागतात पण भोक पडत नाही. तिसरीत एका चाव्यात एक ते चार भोकं, सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी खोल. चौथीत त्याहून खोल, पाचवीत असे अनेक चावे, सहावीत जीव जातो. पहिल्या-दुसऱ्या पातळीतला कुत्रा असेल तर घरच्या घरी हे सगळं करता येईल. तिसरी असेल तर अनुभवी माणूस सोबत घ्या. चौथी किंवा पुढची असेल तर प्लीज एकट्याने प्रयोग करू नका, आधी व्हेट आणि वागणुकीवर काम करणारा एक्स्पर्ट, आणि तोपर्यंत बाहेर पडताना मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर घालायची जाळी.

रेबीजची लस दरवर्षी वेळेवर, महापालिकेचं लायसन्स काढलेलं, आणि दोन्हीचे फोटो मोबाईलमध्ये. तरीही कोणाला दात लागलाच तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना काहीही लावायचं नाही, आणि त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी. आणि कायद्याचंही माहीत असू द्या, प्राण्यापासून माणसाला धोका होऊ शकतो हे ठाऊक असून काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

ट्रेनरच्या आधी डॉक्टर

ही पायरी लोक गाळतात आणि मग महिनोन्महिने घाम गाळत बसतात. इंग्लंडमधल्या लिंकन युनिव्हर्सिटीचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये लिहिलं होतं की वागणुकीच्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे पाठवलेल्या केसेसमध्ये अगदी कमी धरलं तरी एक तृतीयांश ठिकाणी कसलं ना कसलं दुखणं असतं. कंबरेचं हाड, कानातलं इन्फेक्शन, किडलेला दात, खाजणारी कातडी, पोट. आपल्याकडे त्यात गोचिडाचा ताप धरा, त्यात सांधे दुखतात आणि कुत्रा एकदम चिडचिडा होतो. थायरॉइडही तपासून घ्या. विशेषतः आधी नीट असलेला कुत्रा अचानक अंगावर जायला लागला असेल तर दुखणं हाच पहिला संशय. डॉक्टरांना नुसतं "ॲग्रेसिव्ह झालाय" असं सांगू नका, जिना चढताना थांबतो का, उठताना वेळ लागतो का, कुठे हात लावला की मान वळवतो ते सांगा, शक्य असेल तर चालतानाचा व्हिडिओ दाखवा. आणि माणसांच्या पेनकिलर घरी देऊ नका हो, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्यांना घातक ठरू शकतात.

नसबंदी केली की शांत होईल असंही सगळीकडे सांगतात. नसबंदीची कारणं वेगळी आहेत आणि ती योग्य आहेत, पण भीतीमुळे भुंकणारा कुत्रा तेवढ्याने बदलेल याची खात्री नसते.

गुरगुरणं बंद करू नका

मला यावर थोडं जास्त बोलायचंय. भुंकण्याच्या आणि चावण्याच्या खूप आधी कुत्रा बोलत असतो. खायला काही नसताना ओठ चाटतो, जांभई देतो, मान वळवतो, अंग वळवतो, जमीन हुंगायला लागतो, कान मागे घेतो. ते कोणी ऐकलं नाही की अंग ताठ होतं, तोंड मिटतं, नजर एका जागी खिळते. मग गुरगुर. मग झडप. मग चावा. आता आपण काय करतो, गुरगुरला की "चूप!" म्हणून ओरडतो किंवा फटका देतो. दोन-चार वेळा असं झालं की तो गुरगुरणं सोडतो, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी मधली पायरी गाळून सरळ दात लावतो. मग लोक म्हणतात, काही न सांगता चावला. तर गुरगुरला की शांतपणे अंतर वाढवायचं, आणि कशावर गुरगुरला ते लक्षात ठेवायचं. तो तुम्हाला माहिती देतोय.

एक आठवडा नुसती नोंद

वही घ्या किंवा मोबाईलमध्ये लिहा. काय दिसलं, किती लांब होतं, किती वाजता, आणि त्याने काय केलं. आठवड्यात चित्र स्पष्ट होतं. काहींना फक्त मोठी काळी कुत्री चालत नाहीत. काहींना कुत्रं चालतं पण ते समोरासमोर येत असेल तर नाही. काहींना माणसं, त्यातही हेल्मेटवाली, काठीवाली, रेनकोटवाली. माझ्या ओळखीत एक डॉबरमन आहे त्याला कुत्र्यांचं काहीच वाटत नाही, चाकाची बॅग ओढत कोणी आलं की वेडापिसा होतो.

नोंदीत दुसरी गोष्ट शोधायची ती म्हणजे त्याची हद्द. साठ पावलांवर दुसरं कुत्रं दिसलं तर बघतो आणि परत हुंगायला लागतो, चाळीसवर थांबून टक लावतो, पंचवीसवर फुटतो, म्हणजे भुंकत अंगावर धावतो. म्हणजे ट्रेनिंग साठवर करायचं. चाळीस आत्ता नाही, पंचवीस तर बिलकुल नाही. फुटल्यावर तो काहीही शिकत नाही, त्याच्या कानात तुमचं बोलणंसुद्धा जात नाही.

आणि ही हद्द रोज सारखी नसते. सकाळी शेजाऱ्यांकडे ड्रिलिंग चालू होतं, दुपारी गॅसवाला येऊन गेला, लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस अंगावर वाकला, यातलं प्रत्येक त्याने निमूट सहन केलं, आणि संध्याकाळी एवढंसं पग बघून आभाळ कोसळल्यासारखा भुंकला. गॅसवरचं दूध वर येत येत शेवटच्या क्षणी उतू जातं तसं हे आहे, त्या पगचा त्यात फार दोष नसतो. त्यामुळे गणपतीत ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झाली की, दिवाळीत फटाके सुरू झाले की, ट्रेनिंग बंद. त्या दिवसांत पहाटे लवकर बाहेर न्या, बाकी वेळ घरात पंखा-टीव्ही चालू, खिडक्या बंद, चावायला-चाटायला काहीतरी. आठ-दहा दिवस काही शिकवलं नाही तर बिघडत नाही.

रोजची प्रॅक्टिस थांबवा, म्हणजे भुंकण्याची प्रॅक्टिस

प्रत्येक वेळी तो धावून जातो तेव्हा ती सवय पक्की होते. तेव्हा शिकवायला लागण्याआधी ते होऊ न देण्याची व्यवस्था करा. बाल्कनीतून दिवसभर रस्त्यावर भुंकत असेल तर ग्रिलला खालून तीन-चार फूट शेडनेट किंवा बांबूची चिक लावा, खिडकीला दूधकाच दिसते तसली फिल्म मिळते ती चिकटवा. फिरायच्या वेळा बदला, साडेसात-आठला सगळी सोसायटी कुत्री घेऊन खाली असते, तुम्ही साडेपाच-सहाला जा आणि रात्री दहानंतर. लिफ्टचं दार उघडलं की समोर कुत्रं, यापेक्षा वाईट जागा नाही, पळायला वाटच नसते, त्यामुळे खालच्या मजल्यांवर राहत असाल तर जिना वापरा, वर राहत असाल तर लिफ्ट रिकामी असेल तरच चढा आणि आत त्याला मागच्या कोपऱ्यात, तुम्ही दार आणि त्याच्या मध्ये. वॉचमन काकांना सांगून ठेवा, ते फार मदत करतात, "आत्ता सी विंगची ल्युसी खाली आहे, थांबा" एवढं इंटरकॉमवर सांगितलं तरी निम्मा ताण जातो.

ज्या दिवशी बाहेर जाणं शक्यच नाही त्या दिवशी नुसतं सू-शी करून आणा आणि घरात जुन्या टॉवेलमध्ये खाणं गुंडाळून शोधायला द्या. नाकाचं काम कुत्र्याला दमवतं आणि शांतही करतं.

सामान

छातीवर इंग्रजी वाय आकार येतो तसं हार्नेस, ज्यात खांदे मोकळे राहतात. दोन ते तीन मीटरचा साधा पट्टा. बटण दाबून लांब होणारा गुंडाळी पट्टा नको, ऐनवेळी कंट्रोल राहत नाही. साखळीचा फास, काट्यांचा कॉलर, करंटचा कॉलर यातलं काहीही नको. कारण साधं आहे, दुसरं कुत्रं दिसलं की मानेला दुखतं, हे तो शिकतो, आणि मग दुसऱ्या कुत्र्याचा राग आणखी वाढतो.

मझलबद्दल लोकांना लाज वाटते, वाटू नये. पण दुकानात मिळते ती कापडी, तोंड घट्ट बांधणारी मझल फिरायला वापरायची नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, तोंड बांधलं की ते बंद होतं आणि आपल्या उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं. बास्केट मझल घ्या, ज्यात तोंड पूर्ण उघडतं, पाणी पिता येतं, जाळीतून खाऊ देता येतो. ती एकदम चढवू नका. पहिले काही दिवस ती नुसती हातात धरून आत चिकनचा तुकडा, त्याने स्वतःहून नाक घालायचं आणि काढायचं. मग नाक आत असताना एकामागून एक तीन-चार तुकडे. मग बक्कल लावून लगेच काढायचं. मग घरात मिनिटभर, मग पाच मिनिटं, मग बाहेर. दोन-तीन आठवडे लागू देत.

आणि खाऊ. बिस्किटावर हे काम होत नाही. उकडलेलं चिकन, चिकनची कलेजी, शाकाहारी घर असेल तर पनीर किंवा चीज, मीठ-मसाला-कांदा काही नाही, तुकडा वाटाण्याएवढा. एका वेळी पन्नास तुकडे तरी लागतात, तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. द्राक्षं-मनुका कधीच नाही, आणि पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्यांना विषारी) नाही ना ते वाचा. हा खाऊ घरात इतर वेळी मिळता कामा नये, फक्त या कामासाठी.

घरात शिकवायच्या चार गोष्टी

बाहेर जायच्या आधी या हॉलमध्ये पक्क्या व्हायला हव्यात. पहिली, एक छोटा शब्द. मी "हां" वापरते. हां म्हटलं की खाऊ, हां म्हटलं की खाऊ, रोज दोन-तीनदा पंधरा-वीस वेळा, त्याच्याकडून काहीही न मागता. थोड्या दिवसांत शब्द ऐकला की मान गर्रकन तुमच्याकडे फिरते.

दुसरी, "शोध". शब्द म्हणायचा आणि चार-पाच तुकडे जमिनीवर टाकायचे. नाक खाली गेलं की डोळे समोरच्यावरून हटतात. तिसरी, वळणं. "चल चल" असं आनंदाने म्हणत उलट दिशेला वळायचं आणि तो सोबत आला की तीन-चार तुकडे. हॉलमध्ये, मग जिन्यात, मग रिकाम्या पार्किंगमध्ये इतक्या वेळा करा की तुमच्या आणि त्याच्या दोघांच्या पायात बसलं पाहिजे, कारण खरी वेळ येते तेव्हा आपणही घाबरलेलो असतो. चौथी, चटई. एक ठराविक सतरंजी, तिच्यावर आडवा झाला की खाऊ मिळतो. पाहुण्यांच्या वेळी हीच कामाला येते.

मुख्य काम

आता बाहेर. मोठं मैदान, कॉलेजचं ग्राउंड, टेकडीच्या पायथ्याचा रुंद रस्ता, जिथे लांबून कुत्री दिसतील आणि तुम्हाला मागे सरकायला जागा असेल. तुमची आधीच्या नोंदीतली सुरक्षित हद्द, त्याहून थोडं लांब उभे राहा.

क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी कुत्रं दिसतं, मग खाऊ येतो. उलटं केलं, म्हणजे तुम्हाला लांबून कोणी येताना दिसलं आणि घाईघाईत खिशात हात घातला, की तो शिकतो, चिकनची पिशवी वाजली म्हणजे संकट येतंय. पावलोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात घंटा आधी आणि अन्न नंतर म्हणूनच घंटेला लाळ सुटली. इथे दुसरं कुत्रं म्हणजे घंटा.

आमच्या चिकूचं सांगते, काळा-पांढरा देशी आहे. मैदानाच्या पलीकडच्या कडेने एक लॅब्रेडोर चाललाय. चिकूचे कान पुढे येतात, उघडं तोंड मिटतं, शेपूट पाठीच्या वर जाते आणि ताठ राहते, वजन पुढच्या पंजांवर. हां. तुकडा त्याच्या नाकाशी. तो घेतो, चावतो, परत लॅबकडे बघतो. हां. तुकडा. लॅब झाडामागे गेला की खाऊ बंद, मी नुसती उभी, हात खाली. लॅब पुन्हा दिसला की पुन्हा सुरू. आणि माझं सगळं लक्ष माझ्या बोटांवर असतं, कारण तो तुकडा ओठांनी हळूच उचलत असेल तर आम्ही ठीक अंतरावर आहोत, बोटांना दात लागायला लागले की जवळ आहोत, आणि खाऊकडे बघतच नसेल तर फारच जवळ आहोत, गप्प मागे वळायचं. बसायला सांगत नाही, "लक्ष दे" म्हणत नाही, त्याने बघू नये असं मला वाटतच नाही. बघ, आणि बघून चांगलं काहीतरी होतं हे कळू दे.

असं दहा मिनिटं, आठवड्यात तीन-चारदा. त्याहून जास्त नको, दमतात. काही आठवड्यांत एक बदल दिसतो, तो समोरचं कुत्रं बघतो आणि हां म्हणायच्या आतच तुमच्याकडे वळून बघतो, अरे, माझं चिकन कुठंय. ही सगळ्यात मोठी खूण. आता नियम बदलायचा, बघून वळला की हां आणि खाऊ. दहातल्या आठ-नऊ वेळा सहज वळत असेल तरच दोन-तीन पावलं पुढे, आणि पुढे गेल्यावर तोच खेळ पहिल्यापासून. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा, अंतर कमी केलं तर समोरचं कुत्रं शांत हवं, समोरचं उड्या मारणारं असेल तर अंतर वाढवा. सरळ रेषेत प्रगती होत नाही, गेल्या आठवड्यात वीस पावलांवर ठीक होता आणि आज चाळीसवर भुंकला तर चाळीसच्याही मागे जा.

कोपऱ्यावर अचानक कोणी समोर आलंच, तर "चल चल", वळण, आणि गाडी किंवा भिंत मध्ये येईल असं उभं राहा. वळायला जागाच नसेल तर "शोध" म्हणून मूठभर खाऊ पायाशी टाका आणि तुम्ही त्या दोघांच्या मध्ये या. पट्टा आखडून वर खेचू नका, पट्टा ताणला की त्याला कळतं, ताईसुद्धा घाबरली.

गल्लीतली कुत्री

हा भाग वेगळा आहे कारण ती पट्ट्यावर नसतात आणि तुम्ही त्यांच्या हद्दीत आलेले असता. त्यांचं काही चुकत नाही. कोणती टोळी कुठे बसते, त्यांचं खाणं किती वाजता येतं, कोणता रस्त्याच्या मध्यापर्यंत येऊन थांबतो आणि कोणता मागे येतो हे पाहून ठेवा आणि त्याप्रमाणे रूट ठरवा. त्यांना रोज खायला घालणाऱ्या माणसांशी ओळख करा, त्यांना एकेकाचा स्वभाव माहीत असतो. खिशात कोरड्या खाण्याची वेगळी पिशवी ठेवा. टोळी जवळ यायला लागली तर मूठभर त्यांच्या दिशेने पण त्यांच्या मागे पडेल असं फेका आणि तुम्ही आडव्या दिशेने निघून जा, पळायचं नाही, टक लावून बघायचं नाही. छत्री त्यांच्याकडे करून फट्कन उघडली तर बरीच कुत्री थबकतात, मात्र आपल्या कुत्र्याला त्या आवाजाची घरात आधी सवय करून घ्या. दगड आणि काठी नको. त्याने ती टोळी कायमची तुमच्यावर खुन्नस धरते, आणि प्राण्याला मारणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

दुसऱ्या कुत्र्यासोबत चालणं

लांबून बघणं जमलं की ओळखीचं, शांत स्वभावाचं, मोठं वय झालेलं एक कुत्रं शोधा. मैत्रिणीचं असेल तर उत्तम. दोघांच्याही घरापासून लांब, मोकळ्या जागी भेटा. समोरासमोर आणायचं नाही, दोघांना एकाच दिशेने, समांतर, पंधरा-वीस मीटर अंतर ठेवून चालवायचं, माणसं आतल्या बाजूला, कुत्री बाहेरच्या. दोघांची चाल सैल झाली की अंतर थोडं थोडं कमी. मध्येच एकाला पुढे जाऊ द्या आणि दुसऱ्याला त्याने हुंगलेली जागा हुंगू द्या, त्यांच्यासाठी ती ओळखच असते. पहिल्या दिवशी एवढंच, मग घरी. चार-पाच भेटींनंतर दोघेही ढिले वाटले तर मागून तीन सेकंद हुंगणं, पट्टा सैल, आणि "चल चल". अंग ताठ झालं, एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर मान ठेवली, तर लगेच बाजूला. खेळणी, बॉल, खाण्याचे तुकडे जमिनीवर टाकणं हे त्यावेळी नको, त्यावरून जुंपते.

खूप कुत्र्यांना या पलीकडे जायची गरजच नसते. दुसऱ्या कुत्र्याच्या बाजूने शांतपणे निघून जाणं एवढं आलं की त्याचं आयुष्य आणि तुमचं आयुष्य दोन्ही बदलतं, त्याने सगळ्यांशी खेळलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

घरी पाहुणे

बेल वाजली की तो दाराशी नको. आतल्या खोलीत, दार बंद, चाटायला काहीतरी. पाहुणे बसले, चहा झाला, गडबड ओसरली की पट्टा लावून आणा आणि लांबच्या कोपऱ्यात सतरंजीवर. पाहुण्यांना आधीच सांगा, बघू नका, हात पुढे करू नका, "मला कुत्री ओळखतात" म्हणणाऱ्यांना तर दोनदा सांगा. खाऊ त्यांच्या हातून द्यायचा नाही, त्यांनी तो कुत्र्याच्या मागे टाकायचा, म्हणजे तो खायला मागे जातो आणि पुढे यायचं की नाही ते स्वतः ठरवतो. लहान मुलं येणार असतील आणि कुत्रा मुलांना बिचकत असेल तर प्रयोग नाहीच, तो पूर्ण वेळ आत.

दरारा दाखवायच्या सल्ल्यांचं काय

"त्याला दाखव बॉस कोण आहे", "उलटा पाडून दाबून धर" हे अजूनही सर्रास सांगतात. ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. लांडग्यांवर आयुष्यभर काम केलेल्या डेव्हिड मीच (Mech) यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब असतं, तिथे बॉस होण्यासाठी मारामाऱ्या चालत नाहीत. पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या पशुवैद्यकांचा 2009 चा सर्व्हे आहे, त्यात मालकांनी मारलं किंवा लाथ घातली तेव्हा 43 टक्के कुत्र्यांनी उलट हल्ल्याचा पवित्रा घेतला, उलटा पाडून दाबलं तेव्हा 31 टक्के, नुसतं डोळ्यात डोळे घालून दम दिला तेव्हाही 30 टक्के. घाबरलेल्याला आणखी घाबरवून शांत करता येत नाही हो.

अडलं तर

दोन-तीन महिने नीट करूनही हद्द हलत नसेल, किंवा घरातसुद्धा तो सतत ताणात असेल, झोपेतून दचकत असेल, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. फ्लुऑक्सेटीनसारखी भीती-ताण कमी करणारी औषधं कुत्र्यांना देतात, परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि औषधाने कुत्रा सुस्त पडावा हा हेतू नसतो, शिकण्याइतका तो निवांत व्हावा एवढंच. डोस डॉक्टरच ठरवणार, आणि बंदही त्यांनाच विचारून, हळूहळू.

ट्रेनर बघत असाल तर फोनवरच तीन गोष्टी विचारा. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, चुकीचं केलं तर काय करता, आणि गुरगुरला तर काय करता. दुसऱ्या-तिसऱ्याच्या उत्तरात झटका, फास, दाबणं, पाणी मारणं असं काही आलं तर थँक्यू म्हणून ठेवून द्या. "महिनाभर माझ्याकडे ठेवा, शांत करून देतो" यालाही नाही म्हणा, तिथे काय होतं ते तुम्हाला दिसत नाही आणि परत आल्यावर तुमची गल्ली, तुमची लिफ्ट, तुमचा हात तोच राहतो. कुत्रा दहा दिवसांत बरा करायची गॅरंटी देणाराही नको. जो पहिल्या भेटीत कुत्र्याला हात न लावता लांब बसून तासभर तुम्हालाच प्रश्न विचारतो, डॉक्टरांचे रिपोर्ट मागतो, तुम्हाला पट्टा धरायला शिकवतो आणि सेशनचा व्हिडिओ काढायला हरकत घेत नाही, त्याच्याकडे जा.